पोत्याच्या मागची बाजू

आई, गेल्या आठवड्यात माझी बरगडी मोडली. डावीकडची. कर्जतला मी संध्याकाळी मुलींना किकबॉक्सिंग शिकवते, तिथे कोंडाण्याहून येणारी नववीतली एक मुलगी आहे. अंगाने काडी, पण पाय असा चालतो की बघत राहावं. तिच्यासाठी मी सरावाची टांगती बॅग धरून उभी होते. धरून म्हणजे बॅगेच्या मागे खांदा लावून, तू उभी राहायचीस तशी. दारात कुणाची तरी आई आली, मी बोलायला मान वळवली, आणि पोरीची नडगी बॅगेच्या कडेवरून सरकून थेट माझ्या कुशीत बसली. कट् असा आवाज कानाने नाही, आतूनच ऐकू आला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून दाखवला, तांदळाच्या कणीएवढी चीर. 'चार आठवडे वजन उचलायचं नाही आणि हसायचं नाही,' असं ते म्हणाले. त्यावर मी हसले, तेव्हा त्यांना काय म्हणायचं होतं ते कळलं.

इथवर ठीक होतं. या खेळात असं व्हायचंच. पण तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावरचं फडकं पिळायला घेतलं आणि मला ते पिळता येईना. एवढंसं फडकं! पीळ दिला की कुशीत कळ उठायची आणि डोळ्यापुढे काजवे चमकायचे. तेवढ्यात खोकला आला, म्हणून आत जाऊन पलंगावरची उशी ओढली, कुशीला दाबून धरली आणि भिंतीला टेकून खोकले. समोर कपाटाचा आरसा. आरशात मी नव्हतेच, आई, तू होतीस. गुंडाळलेला पंचा डाव्या कोपराखाली दाबून, ओठ आवळून, भिंतीला टेकून खोकणारी. 'छातीत कफ झालाय,' असं तू आम्हाला सांगितलं होतंस. त्या दिवसांत तू बसून झोपायचीस, बाबा काही गमतीचं बोलले की उठून बाहेर जायचीस, हंडा माझ्याकडून उतरवून घ्यायचीस. वीस वर्षं हे सगळं माझ्या डोक्यात सुटंसुटं पडून होतं आणि त्या एका क्षणात एकाला एक लागलं.  माझा खोकला ऐकून नवरा धावत आला, दुखतंय का म्हणून विचारायला लागला. मी म्हटलं, 'माझ्या आईची बरगडी मोडली होती.' तो म्हणाला, 'कधी? कशाने?' मी म्हटलं, 'मी मोडली.' त्याला वाटलं, गोळ्यांचा अंमल आहे.

कळंबच्या आपल्या गोठ्यात ते पोतं टांगलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. बैल विकून झाले होते, गोठा रिकामा होता. शनिवार-रविवार मी खोपोलीला सरांकडे किकबॉक्सिंग शिकायला जायचे. सर म्हणाले, 'दोन दिवस लाथा मारून पाय तयार होत नाही, घरी बॅग पाहिजे.' मी घरी येऊन हे सांगितलं ते रडगाणं म्हणून, आणि तू ते ऐकलंस काम म्हणून. ज्या रिसॉर्टवर तू आणि मावशी चादरी धुवायला जायचात, तिथल्या बाद झालेल्या चादरी आणि टॉवेल मागून आणलेस. एका तरटाच्या पोत्यात ते ठासून भरलेस, वजन यावं म्हणून मधोमध वाळूचं गाठोडं घातलंस, तोंड दाभणाने शिवलंस, आणि बैलांच्या उरलेल्या कासऱ्याने ते धूड तुळईला टांगलंस. खालची जमीन सारवून घेतलीस. 'हे घे,' म्हणालीस, 'आता हान किती हानायचं ते.' मला लाजच वाटली होती. खोपोलीच्या मुलींनी चामड्याच्या बॅगा बघितल्या होत्या आणि माझं हे पोतं, एका बाजूला खताच्या कंपनीचा छापा असलेलं.

पहिला महिना मी ते पोतं नुसतं झुलवत होते. लाथ बसली की ते पाळण्यासारखं पलीकडे जायचं आणि मला वाटायचं, केवढी ताकद आहे माझ्यात! सरांपुढे बढाई मारली तर ते म्हणाले, 'बॅग झुलते म्हणजे तू ढकलतेस. लाथ नीट बसली की बॅग जागच्या जागी दुमडते. मागून कुणाला तरी धरायला सांग.' कुणाला सांगणार? बाबा कारखान्याच्या पाळीवरून येऊन झोपलेले. तू कामावरून आलीस, पदर खोचलास, पोत्याच्या मागे जाऊन खांदा लावलास, तरटाला गाल टेकवलास. 'हान,' म्हणालीस.

तुला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मागे उभं राहिल्यावर तुला माझं तोंड दिसत नव्हतं, हात दिसत नव्हते, पोत्याखालून फक्त माझे पाय दिसायचे, आणि मारलेली लाथ तरटातून तुझ्या अंगात यायची. एवढ्यावर तू मला शिकवलंस. 'ह्यी नुसती ढकलली गं. अंगात नाय आली. परत मार.' मी परत मारायचे. 'नाय.' परत. 'नाय गं, नाय आली.' एके दिवशी तू पोत्याआडून म्हणालीस, 'तुजी खालच्या पायाची टाच फिरत नाय बघ. टाच फिरली का जोरात येती, नायतर नाय.' मी भडकले. 'तुला काय कळतंय त्यातलं? तू धर फक्त.' तू धरलंस. पुढच्या रविवारी सरांनी माझ्या पायाजवळ बसून, हाताने माझी टाच फिरवून तेच सांगितलं. टाच फिरली नाही तर कंबर उघडत नाही, कंबर उघडली नाही तर लाथेत नुसता पायच जातो, अंग जात नाही. घरी येऊन मी हे सरांनी शिकवलं म्हणून तुला ऐकवलं. तू म्हणालीस, 'सर हुशार हाय तुजा.' तुझ्या आवाजात टोमणा होता की नव्हता, हे मला आजही ठरवता येत नाही. त्यानंतर तू सारवलेल्या जमिनीवर टाचेच्या खुणा बघायला लागलीस. गोल उमटली तर बरोबर, नुसती घासली तर चूक. दर दोन-तीन दिवसांनी तू ती जमीन पुन्हा सारवायचीस, पाटी पुसावी तशी.

अलिबागच्या जिल्हा निवड स्पर्धेला नऊ दिवस राहिले होते. शुक्रवारची संध्याकाळ. तू आल्या आल्या पोतं धरलंयस, तोंडावर अजून कामाचा शीण आहे. मी श्वास सोडते, टाच फिरते, तिच्यामागून कंबर येते, आणि नडगी पोत्यात शिरते. पोतं हलत नाही. नेहमीचा फट् असा आवाज येत नाही, धप्प असा येतो. पोत्यामागून तुझा एक बारीक हुंकार.  मी थांबलेय, तू 'नाय' म्हणायची वाट बघतेय. आणि मग तू म्हणतेस, 'ही आली.' मी गोठाभर नाचले, आई! तू म्हणालीस, 'भात लावते, तू मार आजून चार,' आणि भिंतीला हात लावत लावत आत गेलीस. एरवी तू कधी कौतुक केलं नाहीस. त्या दोन शब्दांवर मी वीस वर्षं काढली. आजही माझ्या एखाद्या मुलीची लाथ बरोबर बसली की मी म्हणते, 'ही आली.' पोरी मला चिडवतात, मॅडमचं पेटंट वाक्य म्हणून. माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस कुणी विचारला असता, तर मी हाच सांगितला असता.

तरी खात्री करावी म्हणून मावशीला फोन केला. म्हटलं, 'मावशी, मी अलिबागला गेले त्याच्या आधी आईला काय झालं होतं गं? कफ झालाय म्हणायची.'  ती म्हणाली, 'तुला आत्ता कळलं व्हय?' काय ते नीट सांग, म्हटलं. ती म्हणाली, 'त्या पोत्यातलं वाळूचं गठुडं खाली बसून दगडावानी झालतं. त्येच आदळलं कुशीत. दुसऱ्या दिशी तिला श्वास घेता येईना, तवा वाडीवरच्या म्हातारीला बोलावली. तिनं हात लावल्या लावल्या सांगितलं, बरगडी हाय. पाला लावला, लुगड्याचा पट्टा आवळला. म्हनली, म्हैनाभर जपायचं. आनि ही बया सांजच्याला पुन्ना गोठ्यात!' मी म्हटलं, 'तू अडवलं नाहीस?' 'भांडले गं मी तिच्याशी. ती म्हनली, पोरीला कळलं का तिची लाथ आखडंल. येकदा आखडली का परत मोकळी व्हायची नाय. तू तोंड उगडलंस तर बघ.' चादरींचं काय केलंत, हेही मी विचारलं, कारण मला फडकं पिळता येत नव्हतं. 'त्या मी पिळायची. ती घड्या घालायची. सायबाला सांगितलं, हिच्या बोटाला नखुरडं झालंय.' आणि मावशी हसली, वीस वर्षांपूर्वीच्या साहेबाला फसवल्याचं हसली. मला हसता येत नव्हतं, रडताही येत नव्हतं. दोन्हींना बरगडी लागते.

मला तुझा संताप आला, तो आधी सांगते. कुणी सांगितलं होतं तुला? बॅग खुंटीला बांधता आली असती, बाबांना उठवता आलं असतं, आठ दिवस मी हवेत लाथा मारल्या असत्या तर काही जगबुडी येणार नव्हती. तू ते परस्पर ठरवून टाकलंस आणि त्याचं ओझं आता माझ्या कुशीत ठेवलंस. मुलीची लाथ आखडेल, हे मात्र तू बरोबर ओळखलंस, आणि याचंच मला सगळ्यात नवल वाटतं. मी आता शिकवते म्हणून मला माहीत आहे. एखादीच्या हातून समोरच्याला लागलं की तिचा पाय महिनोन् महिने अर्ध्यावर थांबतो. कोंडाण्याच्या पोरीचं तेच झालंय, परवा क्लासमध्ये ती बॅगेला नुसती शिवत होती. हे मला पुस्तकं वाचून आणि शिबिरं करून कळलं. तुला ते कसं कळलं गं, तरटाला गाल लावून?

अलिबागला मी पहिली आले. त्याच लाथेने. तिथून पुढचं सगळं तिच्यावर उभं राहिलं, शाळेतली क्रीडाशिक्षिकेची नोकरी, हा क्लास, कर्जतचं घरसुद्धा. मी घरी आले तेव्हा तू दारात उभी होतीस, मी तुला मिठी मारायला धावले आणि तू हात पुढे करून मला लांबच थोपवलंस. 'आदी पाय धू,' म्हणालीस. मला तेव्हा राग आला होता, मी मैत्रिणींना सांगितलंही होतं की आमची आई दगड आहे म्हणून. त्यानंतर पाच वर्षांनी तू काविळीने गेलीस. परवा मी डॉक्टरांना विचारून घेतलं, जुन्या मोडलेल्या बरगडीचा काविळीशी काही संबंध असतो का. ते म्हणाले, काहीच नाही. पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

फोन ठेवताना मावशीने मला विचारलं, 'तुला खरंच कळलं नव्हतं गं तवा?' मी म्हटलं, 'नाही गं मावशी, मला कुठे काय समजत होतं.' ती 'बरं' म्हणाली. हे पत्र कुठे जाणार नाही, लिहून झालं की फाडून टाकणार आहे, त्यामुळे इथे तरी खोटं लिहायची गरज नाही. मंगळवार होता, लाथ बसल्याला चार दिवस झाले होते. तू त्या दिवशी उजव्या अंगाने धरलं होतंस. मी मारली आणि पोतं जरा फिरलं, कडेने तुझं तोंड दिसलं. डोळे गच्च मिटलेले, वरच्या ओठावर घाम, आणि श्वास घेतच नव्हतीस तू. मी पाय खाली ठेवला. 'आई, काय झालं?' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मनात आलं, विचारलं तर ही सांगेल, आणि हिने सांगितलं तर सराव बंद होईल. म्हणून मी म्हटलं, 'आई, हलू नको ना, नीट धर.' तू पाय रोवलेस, नीट धरलंस, आणि मी मारली.