डाव्या पायाची सूज

जवळा बाजार,
दि. २ मार्च २०००

चि. सौ. शालू हिस बाबांचे व आईचे सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

आम्ही परवा बोधगया, सारनाथ करून घरी पोचलो. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, पण एवढा लांबचा प्रवास बसून करायची पहिलीच वेळ. उभं राहून दुखायचे त्याच्यापेक्षा बसून पाय जास्त दुखले, हे कुणाला सांगितलं तर हसतील.

तुझ्या भावानं, रविंद्रनं, पुण्याहून आणून दिलेलं मालिशचं मशीन संगट होतं. मुठीत मावतं, सेलवर चालतं, घुंघुं करतं. तुझी आई चालत्या गाडीत माझ्या पोटरीवर ते फिरवायची. मागच्या सीटवरच्या रूपाबाईंना वाटलं गाडीत गांधीलमाशा शिरल्या, त्यांनी आरडाओरडा करून गाडी थांबवली. दुसऱ्या दिवशीपासून त्याच मशीन मागून न्यायला लागल्या.

येताना डावा पाय सुजला. उजवा ठीक आहे. डावी पोटरी गरम लागते, दाबली की कळ निघते. तुझी आई सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास मशीन लावते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. वयाची तकलीफ आहे, तू मनाला लावून घेऊ नको.

तुझे दिवस भरत आले. मागच्या खेपेला मी ड्युटी सोडून आलो नाही, आणि बाळ गेलं तेव्हा तुझ्याजवळ आपलं कुणी नव्हतं. या वेळी तसं होणार नाही. नऊ तारखेला, गुरुवारी, सकाळच्या औरंगाबाद गाडीनं आम्ही दोघं निघतो. मशीन सोबत आहेच, सहा तास कसेही निघतील.

जावईबापूंना जयभीम. म्हाताऱ्यांवर माया असू दे.

तुझा,
बाबा


औरंगाबाद, बसस्टँड,
सोमवार, दि. ६ मार्च २०००

ती. बाबांस शालूचा सविनय जयभीम.

तुमचं पत्र आज मिळालं. तुमच्या बाजारातल्या एसटीडीवर तासभर फोन लावला, लागत नाही. हे ट्रेनिंगला नाशिकला गेलेत. डॉक्टरांनी मला जिना उतरू नको म्हणून सांगितलंय, तरी रिक्षा करून स्टँडवर आले. तुमच्याबरोबर काम केलेले शंकरसिंग काका जवळ्यावरून जाणाऱ्या वसमतच्या गाडीवर कंडक्टर आहेत, त्यांच्याच हाती हे देते. गाडी सुटायला दहा मिनिटं आहेत, म्हणून अक्षर असं.

बाबा, ते मशीन पायाला लावू नका. आजच बंद करा. एकच पाय सुजणं, गरम लागणं, दाबल्यावर कळ येणं, तेही इतके दिवस बसून केलेल्या प्रवासानंतर, म्हणजे आत रक्ताची गाठ झाली असणार. आमच्या वॉर्डात असे पेशंट येतात. चोळलं, थरथरवलं तर गाठ सुटून छातीत जाते आणि माणूस बोलता बोलता जातो. मी नर्स म्हणून लिहिते आहे, घाबरलेली मुलगी म्हणून नाही. खरं सांगायचं तर दोन्ही.

माझ्याकडे येऊ नका. पत्र वाचल्याबरोबर जीप करून हिंगोलीला नाहीतर नांदेडला मोठ्या दवाखान्यात जा. आईला हे वाचून दाखवा. काकांनाही मी तोंडी सगळं सांगितलं आहे.

माझं ऐकाल ना?

तुमची,
शालू


नांदेड, सरकारी दवाखाना,
दि. ११ मार्च २०००

चि. शालूला आईचा जयभीम.

साक्षरता वर्गात शिकले तेवढ्यावर लिहून राहिले, चुका समजून घे. आधी हे सांगते की तुझे बाबा जित्ते हायत.

तुझं पत्र शंकरसिंग भाऊंनी सोमवारीच यांच्या हातात दिलं. यांनी वाचलं आन गुपचूप खिशात ठेवलं. मला काही बोलले न्हाई. फक्त त्या दिवसापासून मशीन नको म्हणाले. मी काहून विचारलं तर सेल संपले म्हणाले. गुरुवारी सकाळी आमी गाडीत बसलो. जरा वेळानं हे दुखण्यानं कळवळले. मी नवे सेल आणले होते, ते घातले आन मशीन पायाला लावलं. हे नको नको म्हणत व्हते. मला वाटलं लोकांची लाज वाटून राहिली.

तिकिटं फाडत शंकरसिंग भाऊ आले आन जागीच थांबले. शालूचं पत्र वाचलं न्हाई का म्हणून त्यांनी यांना विचारलं. हे म्हणाले, वाचलं. मला तर काहीच ठाऊक नव्हतं. भाऊंनी घंटी मारून गाडी उभी केली आन खाली उतरा म्हणाले. हे चिडले. माझ्याजवळ तिकीट हाय, मला उतरवायचा हक नाही, कायदा मला शिकवू नको म्हणाले. उतारू ओरडायला लागले. भाऊ म्हणाले, तक्रार करा, माझी नोकरी जाऊ द्या, पण मास्तर, तुमाला मी पुढं नेणार न्हाई.

पायरीवरून उतरले आन यांचा दम कोंडला. ओठ काळेनिळे पडले. एका उतारूनं जीप आडवली. हिंगोलीला इंजेक्शन दिलं आन नांदेडला पाठवलं. गाठीचा तुकडा छातीत गेला असं डॉक्टर म्हणाले. दोन दिवस नळी लावली व्हती. आज चहा मागितला. रविंद्र आलाय. मीच मशीन आणलं म्हणून कोपऱ्यात बसून रडतो.

मशीन गाडीतच राहिलं. शालू, माझ्याच हातानं झालं असतं गं.

जिवाला जप.

तुझी,
आई


नांदेड,
दि. १४ मार्च २०००

सौ. पद्मास जयभीम.

एवढा संसार झाला, पण तुला पत्र लिहायची वेळ आली नव्हती. काल तू शालूकडं जाते म्हणालीस, तेव्हा मी अडवलं. कधी एकटी गेली नाहीस, मला घरी सोडेपर्यंत थांब म्हणालो. रविंद्र पोचवतो म्हणाला, त्यालाही तू माझ्याजवळ बसवलंस. पिशवी उचललीस आणि मागं न बघता गेलीस. चार दिवस गोळीची वेळ सांगण्यापलीकडं माझ्याशी बोलली नव्हतीस.

पद्मा, शालूचं पत्र मी तीनदा वाचलं होतं. ती बराबर लिहितेय हे मला पहिल्या वाचनातच कळलं. दवाखान्यात गेलो तर ते ठेवून घेतील, आणि पोरगी पुन्हा एकटी पडेल, एवढंच डोक्यात होतं. तुझ्या हातानं झालं असं तू रविंद्रला म्हणालीस, ते मला ऐकवत नाही. हात तुझा होता. कळून गप्प बसलेला मी होतो.

पोचल्याचं कळव. राग असला तरी कळव.

किशनराव


औरंगाबाद,
दि. १८ मार्च २०००

रविंद्रच्या बाबांना जयभीम.

मी सुखरूप पोचले. दोनदा गाडी बदलली, विचारत विचारत आले. कुणी खाल्लं न्हाई मला.

काल सकाळी शालूला पोरगी झाली. कळा सुरू झाल्या तसं तिला मागचं आठवलं. माझं मनगट धरलं, वळ अजून हायेत. पोरगी आली तव्हा रडेचना. सिस्टर पाठीवर थापट्या मारून राहिल्या व्हत्या आन शालू सारखी माझ्या तोंडाकडं बघत व्हती. मी डोळे मिटले न्हाईत. मग रडली. पार व्हरांड्यात ऐकू जाईल अशी रडली.

तुमचं पत्र वाचलं. शालूला दाखवलं न्हाई. राग हाय, आन राहील काही दिवस. पायाखाली उशी ठेवायला रविंद्रला सांगा, तुमी स्वतः वाकू नका.

बाबांनी तुला एकटीला कसं येऊ दिलं, असं शालूनं विचारलं. मी म्हणाले, त्यांनीच धाडलं. माझी वाट पाहू नको, आजच्या आज पोरीकडं जा म्हणाले. ऐकून तिनं डोळे पुसले आन शांत झोपली.

हे खोटं हाय. पण ती विचारील तव्हा तुमीबी हेच सांगा.

तुमची,
पद्मा