दगूच्या दंडावरची पट्टी

पिंपळनेर, ८ जानेवारी १९३४
वरून नवे सर्क्युलर आले. विषय: देवी टोचणाऱ्या नोकरांनी पाळायचे नियम. चौदा कलमे. सकाळच्या चहाबरोबर दोनदा वाचले, सवयीप्रमाणे एकदा सौ. कुंदालाही मोठ्याने वाचून दाखवले. तिला काय कळणार, पण कानावर पडलेले बरे.
माझ्यासारख्या नऊ वर्षांच्या अनुभवी व्हॅक्सिनेटरला त्यात नवे काही नाही. सुई जाळावर धरून गार करावी. दंडावर लस लावून चार ओरखडे, मध्ये इंचभर अंतर. रक्त नुसते पाझरावे, वाहू नये. आठव्या दिवशी स्वतः जाऊन लस लागून फोड आला का ते पाहावे आणि मगच रजिस्टरात ‘सक्सेसफुल’ लिहावे. हे शेवटचे वेळ मिळेल तसे.
कलम अकरा मात्र नवे. टोचणाऱ्याने प्रथम स्वतःच्या घरातील मुले टोचून तसा दाखला पाठवावा, म्हणजे लोकांची भीती मोडेल. उत्तम कल्पना. आमची दगू तीन वर्षांची झाली, तिचे राहूनच गेले. उद्या सकाळी आठला टोचतो.

९ जानेवारी, सकाळी ८
दगू शिंकली. सर्दीत टोचू नये असे सर्क्युलरात कुठेतरी असणारच.

त्याच दिवशी, दुपार
सापडले नाही. असायला हवे होते.

१५ जानेवारी
सर्दी गेली. सुई जाळली, गार केली. दगू मांडीवर बसली आणि आपण होऊन दंड पुढे केला. गुदगुल्या करा म्हणाली. मी सुई पुन्हा जाळली. मग आणखी एकदा. सौ. म्हणाली, आता वितळेल. बायकांचे मन कच्चे असते, हिच्यासमोर हे काम नको. ही साक्रीला माहेरी जाईल तेव्हा शांतपणे टोचू.

२० जानेवारी
दाखल्याची मुदत आज संपली. पाठवून दिला. रजिस्टरात दगूचे नाव पहिले, पुढे ‘सक्सेसफुल’. हे खोटे नव्हे, आगाऊ आहे. उद्या रविवारी टोचले की खरे होईल.
जेवण गेले नाही. सौ.ला पित्त सांगितले.

२२ जानेवारी
रविवारी पाहुणे होते.

२९ जानेवारी
पाटील गल्लीत गेलो. एकही आई दार उघडेना. झुलालनाना पाटील ओट्यावर बसले होते, त्यांचे सगळे ऐकतात. नाना म्हणाले, “आम्हीन पोरं देतस. पहिले तुमनी पोरगीना हात दखाडा.” दगूला टोचले आहे, उद्या आणतो, असे माझ्या तोंडून निघून गेले. आता आले का संकट!

३० जानेवारी
दगूच्या दंडावर स्वच्छ फडक्याची पट्टी बांधली. नुसती पट्टी बांधू नये असे कोणतेही कलम नाही, पाहून घेतले. सौ. पाहत होती.
दगू पट्टी गल्लीभर मिरवत आली. नानांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आपले दोन्ही नातू पुढे केले. त्यांच्यामागे सारी गल्ली. एका दिवसात अडतीस मुले! नऊ वर्षांतला उच्चांक. नातू फार रडले, म्हणून माझा हात जरा हलका पडला, आणि पुढेही तसाच राहिला. निघताना नानांनी हात जोडले. स्वतःच्या लेकरापासून सुरुवात केलीत म्हणून विश्वास बसला, म्हणाले.
घरी येऊन पट्टी सोडली. आत कोरा दंड. मेल्याहून मेल्यासारखे झाले.

७ फेब्रुवारी
आज फोड पाहायला जायचे. ऊन फार. शिवाय नाना पट्टीची चौकशी करणार. घरी बसूनच अडतीस वेळा ‘सक्सेसफुल’ लिहिले. अक्षर बरे आले नाही. दगूचे उद्या नक्की.

१९ फेब्रुवारी
शेजारच्या उखर्डूच्या दारावर कडुलिंबाचा डहाळा लागला. त्याच्या मुलीला देवी आल्या. दगू काल दुपारभर त्याच अंगणात खेळत होती.
मी कसला बाप? गावाला शिकवतो आणि स्वतःच्या पोरीला फडके बांधतो. तिला काही झाले तर रजिस्टरातली ती ओळ मी कोणत्या तोंडाने वाचणार? देवा, आणखी काही मागत नाही.

त्याच दिवशी, सायंकाळी ५
सुई जाळली. सौ.ने दगूला धरले. सुई दंडापर्यंत गेली आणि तिथेच राहिली. सौ. म्हणाली, “द्या ती सुई.” मी कलम समजावून सांगणार तोवर तिचे चार ओरखडे काढूनही झाले. मध्ये इंचभर अंतर. रक्त पाझरले, वाहिले नाही. नऊ वर्षे मी हिला सर्क्युलरे वाचून दाखवतो आहे. मला वाटे, ही ऐकत नाही.
दगू रडली. मीही.

२७ फेब्रुवारी
दगूला एक दिवस ताप आला, उतरला. चारही फोड भरलेले आणि गोल. उखर्डूची मुलगीही वाचली, पण तोंडावर वण राहणार.
तिचे नाव माझ्या गेल्या सालच्या रजिस्टरात आहे. ‘सक्सेसफुल’. ते पान आज तीनदा उघडून पाहिले.

५ मार्च
इन्स्पेक्टरसाहेबांनी चावडीवर सगळी मुले बोलावली. अडतिसांपैकी एकतिसांच्या दंडावर काही नाही. नानांच्या नातवांचे दंड तर पार कोरे. मग दगूचा दंड पाहिला आणि साहेब खूश झाले. शेरा लिहिला: स्वतःच्या मुलीला टोचताना घेतलेली काळजी इतरांच्या मुलांबाबत का घेतली नाही? या एकतिसांना तशाच प्रकारे पुन्हा टोचावे.
खरे सांगायची हीच वेळ होती. खाली सही केली.

६ मार्च
नानांच्या ओट्यावर जाऊन सगळे सांगितले. पट्टी, रजिस्टर, उखर्डूची मुलगी, दगूला सौ.ने टोचले ते, सगळे. नाना ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे वाटले असते. एवढेच म्हणाले, “पोरं देसूत. पन तुमले नही, बाईले.”

७ मार्च
कुंदा सकाळपासून टोचते आहे. मी पोरांना धरतो आणि सुई जाळून देतो. बाराव्या पोरानंतर जरा उसंत मिळाली तेव्हा रजिस्टर उघडून लिहायला बसलो. नानांनी ते हातातून काढून घेतले आणि घरात नेऊन पेटीत ठेवले. आठव्या दिवशी त्यांना फोड दाखवायचे, मग लिहायला मिळेल.