दोन डाव्या फळ्या

सोमवार, ३ मार्च
आज सकाळी आंघोळ केली, डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, मन निर्मळ झालं तसा उठलो आणि कुऱ्हाडीने घरातला लाकडी जिना फोडला. शेवटची पायरी भिंतीतून उपटेपर्यंत तोंडात नाम चालू होतं. रागाने फोडला नाही. विचाराने फोडला. गेल्या आठवड्यात बाबा त्या जिन्यावर घसरले. लागलं काही नाही, पण धाकट्याचा फोन आला. म्हणाला, दादा, तुझ्या घरात बाबा एक दिवस मान मोडून घेतील, मी त्यांना माझ्याकडे नेतो. मी म्हणालो, रविवारी ये, नवा जिना बघ आणि मग तोंड उघड. बाबा माझ्याच घरी राहणार. यात बदल नाही.

आवाज ऐकून बायको धावत आली. म्हणाली, अहो, बाबा कुठेत? बाबा वर होते. हे मला माहीत होतं, पण जिन्याच्या अंगाने त्याचा विचार झाला नव्हता.

वर न्हाणीघर आहे. जेवण शिडीवरून जाईल. शिडी उतरायला त्यांचे गुडघे तयार नाहीत, पण प्रश्न आठवड्याचाच आहे. बाबांनी वरून तांब्या फेकला. माझ्या कपाळाला लागला. या वयात नेम चांगला आहे. समाधान वाटलं.

मंगळवार, ४ मार्च
बायको म्हणते, सुतार बोलवा. गरज नाही. गावच्या शाळेत हस्तकलेच्या तासाला मास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. पाठ दोन दिवस लाल होती. यावरून कौतुक किती होतं ते कळावं.

राऊटर आणला. लाकडात खाच पाडायचं विजेचं यंत्र. प्लायवूडचा साचा करायचा, तो जिन्याच्या बाजूच्या फळीवर क्लॅम्पने आवळायचा आणि त्याच्या कडेने राऊटर फिरवायचा. पायरी बसायची खाच तयार. साचा पुढे सरकवायचा, पुढची खाच. साचा चुकत नाही, माणूस चुकतो. साधनेचंही असंच आहे.

संकल्प: रविवारच्या आत जिना. आणि राग अजिबात नाही. (राग माझ्यात तसाही उरलेला नाही.)

बुधवार, ५ मार्च
राऊटर सुरू केला. दोन्ही हातांत पिसाळलेलं कुत्रं धरल्यासारखं होतं. क्लॅम्प सुटला (क्लॅम्पची चूक), साचा उडाला आणि दोन्ही खिडकीची काच फोडून बाहेर गेले. राऊटरने माझ्या अंगठ्याचं नख नेलं. रक्त फळीभर. मी राऊटरला लाथ मारली. रागाने नव्हे, बंद करायला. आता पायाचं बोटही सुजलं आहे.

बायकोने बाहेर पडलेला क्लॅम्प आणून माझ्याजवळ ठेवला. बऱ्याच लांबून ठेवला. बरगडी दुखते.

गुरुवार, ६ मार्च
यश! दुसरा साचा केला. दोन्ही फळ्यांत सगळ्या खाचा पाडून झाल्या. एक फळी दुसरीवर ठेवली तर केसाचाही फरक नाही. डोळे भरून आले.

बायको बघायला आली. म्हणाली, अहो, या दोन्ही डाव्या आहेत. पायरी दोघींच्या मध्ये बसणार ना? मग एकीच्या खाचा बाहेर तोंड करून काय करणार? दुसऱ्या फळीला साचा उलटा नको होता का करायला? मी म्हणालो, तुला जिन्यातलं काय कळतं? ती म्हणाली, जिन्यातलं नाही, चपलांतलं कळतं. दोन डाव्या घालून चालून दाखवा.

मी शांत राहिलो. शांतपणे एक फळी गुडघ्यावर आपटून मोडायला घेतली. फळी चांगल्या लाकडाची आहे, मोडली नाही. सध्या लंगडतो आहे.

वरून बाबांनी विचारलं, झाला का रे? म्हणालो, होत आलाय. पाठोपाठ वाटी आली. ही चुकवली.

शुक्रवार, ७ मार्च
नवी फळी आणली, साचा उलटा केला. आता एक डावी, एक उजवी. बायकोचं ऐकलं असं नव्हे, माझ्याही मनात तेच होतं.

साच्यात थोडा कल राहिलेला दिसतो. त्यामुळे पायऱ्या पुढे झुकणार. पण सगळ्या सारख्याच झुकणार. नुसत्या हाताने कापल्या असत्या तर प्रत्येक वेगळी झुकली असती. साच्याचा मोठेपणा तो हा. शिवाय पाणी साचणार नाही. बायको म्हणाली, घरात कुठलं पाणी?

शनिवार, ८ मार्च
पायऱ्या खाचांत शिरेनात. घणाने शिरवल्या. एक पायरी उलटून हनुवटीवर बसली, तिला दुप्पट हाणलं. संध्याकाळपर्यंत कठड्यासकट जिना उभा! पॉलिशही केलं. आरसा झाला आहे. बाबा उतरायला निघाले होते. म्हणालो, उद्या. धाकट्याच्या डोळ्यांदेखत.

रविवार, ९ मार्च
धाकटा आला. पहिला मान त्याला दिला. कठडा धरून वर गेला, म्हणाला, दादा, मानलं तुला. मग कठडा सोडून बाबांना हात द्यायला वळला आणि सगळ्या पायऱ्या बसून उतरला. खाली मी उभा होतो.

उठून त्याने माझं तोंड फोडलं. मी फक्त त्याची कॉलर पकडली. तिच्यात त्याची मान होती. वरून बाबा ओरडत होते, हाण! हाण! कोणाला, ते कळलं नाही, म्हणून दोघांनीही मनावर घेतलं. शेवटी बायकोने वर चढून बादलीभर पाणी ओतलं. पाणी एकाही पायरीवर साचलं नाही.

माझ्या ओठाला टाके. धाकटा एक डोळा मिटून गाडी चालवत गेला. जाताना शिवी नाही दिली. एवढंच म्हणाला, दादा, माझ्या जागी बाबा असते तर?

या वाक्यावर चिंतन करायला बसलो. जमलं नाही.

सोमवार, १० मार्च
कुऱ्हाड घेतली. नव्या जिन्याचं सरपण केलं. आज तोंडात नाम नव्हतं. टाके होते. मध्येच डोळ्यांत भुसा गेला, बराच वेळ थांबला नाही.

मंगळवार, ११ मार्च
सकाळी मीच धाकट्याला फोन लावला. म्हणालो, ये, घेऊन जा.

मग शिडी लावली, वर गेलो आणि बाबांना पाठीवर घेतलं. चादरीने बांधलं. फळीपेक्षा हलके झाले आहेत. उतरताना ते माझ्या डोक्यात टपला मारत होते, पाय बघ, गाढवा, पाय बघ. खाली टेकलो तसे कानाशी म्हणाले, एवढंच होतं तर पहिल्या दिवशीच का नाही घेतलंस पाठीवर?

याला उत्तर होतं. टाक्यांमुळे बोलता आलं नाही.

गाडीत त्यांना मीच बसवलं. दारही मीच लावलं. बायको फाटकापाशी रडली, मग आत जाऊन भांडी आपटत बसली.

वर आता कोणी राहत नाही. म्हणजे जिन्याची गरजच उरलेली नाही. शिडी काढून ठेवली.