रिकाम्या कोळशावरची ज्योत

आबा, उद्या मला कामावर रुजू व्हायचं आहे. धुळ्याच्या या कॉलेजात मी एकवीस वर्षं शिकवते आहे आणि गेले पाच महिने रजेवर होते. तुम्हाला जाऊन त्या एकवीस वर्षांहूनही जास्त काळ झाला. एका तासाला मी फळ्यावर लिहायला वळले आणि परत मुलांकडे वळता येईना. खडू हातात, समोर काळा फळा, मागे शांत झालेला वर्ग. डॉक्टरीणबाईंनी नैराश्य म्हटलं, गोळ्या दिल्या. विभागातल्या एका सहकारी बाईंनी फोनवर सांगितलं, "मॅडम, विचारलं कुणी तर कावीळ म्हणा. लोकांना कावीळ समजते." मी हो म्हणाले. शेजारच्या अक्का आठ दिवस उसाचा रस घेऊन येत होत्या आणि मी तो पीत होते.

गोळ्यांनी झोप येऊ लागली. पण सकाळ तशीच राहिली, छातीवर पाटा ठेवल्यासारखी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या चालू ठेवा आणि रोज थोडं ध्यानाला बसा. देवपुरात एक नाना ध्यान शिकवतात, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. पहिल्या दिवशी आम्हा सात-आठ जणांना म्हणाले, "विचार गाडीत चढतील. चढू द्या. तुम्ही तिकीट फाडू नका." सगळे हसले. मला हसू आलं नाही. डोळे मिटून मी श्वासाकडे लक्ष दिलं आणि दोन मिनिटांत घाम फुटला. तिसऱ्या दिवशी नाना शेजारी येऊन बसले. "ताई, श्वास कोंडून धरता तुम्ही. कुणी लावली ही सवय?"

तुम्ही लावलीत, आबा. जळगावच्या सराफ बाजारामागच्या बोळात तुमची एका खोलीची सोनारकामाची जागा. पंखा बंद. काट्यावर सोनं चढलं की मी श्वास रोखते, तुम्हीही रोखता. काटा थांबतो, मग दोघं एकदमच श्वास सोडतो आणि तुम्ही हसता. पण हे अर्धंच शिकणं होतं, आणि मी तेवढंच घेऊन निघाले. दिव्याची ज्योत फुंकणीने कोळशावरच्या दागिन्यावर धरायची, तेव्हा श्वास रोखायचा नसतो. गालात हवा साठवायची, नाकाने नवी घ्यायची, फुंक तुटू द्यायची नाही. मी दहा वर्षांची असताना तुम्ही फुंकणी माझ्या हाती दिलीत. कोळशावर पोतीचा एक मणी होता. भीतीने मी श्वास कोंडला, मग एकदम जोरात फुंकलं, आणि मणी वितळून बसला. सोन्याचा चपटा थेंब. मी रडायच्या बेतात. तुम्ही थेंबाकडे पाहिलंही नाही. "मणी पुन्हा व्हई. तू श्वास काबर कोंडा?" आयुष्यात तुम्ही मला एवढंच रागावलात.

नानांना मी ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मग झालं की. तुम्हाला मी काय शिकवणार? ज्योत धरा." त्या दिवसापासून मी रोज सकाळी अर्धा तास बसते. ज्योत डोळ्यांसमोर आणते आणि श्वास कोंडत नाही, एवढंच. पहिले काही आठवडे काहीच झालं नाही. बसणं लबाडी वाटायचं. तरी बसले. मग एके दिवशी उठल्यावर चहाला चव होती. दुसऱ्या दिवशी नव्हती. तिसऱ्या दिवशी पुन्हा होती. पाटा अजून आहे, पण त्याच्याखाली श्वास चालतो, हे मला आता माहीत आहे. गोळ्या चालू आहेत, बसणंही चालू आहे. दोन्हींतलं काही मी मनाने सोडणार नाही.

तुमच्या शेवटच्या वर्षांबद्दल लिहायचं टाळत होते. दागिन्यांचे साचे आले, दिव्याऐवजी गॅसच्या बत्त्या आल्या, सराफ शेठकडून काम येईना. तरी तुम्ही रोज डबा घेऊन जात राहिलात. शेठ गल्लीतून जाताना म्हणायचे, "काय कारागीर, आज दिव्याचा उपास का?" डबा तसाच परत यायचा. कुणी विचारलं की तुमचं एकच उत्तर, "बठ्ठं बेस शे," सगळं छान आहे. मी विशीत होते. एका दुपारी तुम्हाला बोलवायला आले तर दार अर्धं उघडं. दिवा पेटलेला. तुम्ही ताठ बसून फुंकता आहात, ज्योत सरळ, सुईसारखी, जराही हलत नाही. कोळशावर काहीच नाही. मी बराच वेळ पाहिलं आणि हाक न मारता परत गेले. तुम्ही तेव्हा काय करत होता, हे मी ठरवू शकत नाही. पण सकाळी बसते तेव्हा डोळ्यांसमोरची ज्योत तीच असते.

उद्या कॉलेजात कुणी विचारेल, कावीळ बरी झाली का? कावीळ नव्हती, असं मी सांगणार आहे. नैराश्य होतं, अजून थोडं आहे, औषध घेते, ध्यानाला बसते. अक्कांना आज सकाळीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग रस वाया गेला म्हणायचा." आणि मग बराच वेळ माझ्याजवळ बसून राहिल्या.

हे कागद तुमच्या फुंकणीजवळ कपाटात ठेवते. तुमच्यापर्यंत पोचले असते तर पुढचं लिहिलं नसतं. तुम्हाला रिकाम्या कोळशावर फुंकताना पाहिलं, त्याच संध्याकाळी घरी मी आईला म्हणाले होते, आबा नुसतं कामाचं नाटक करतात. तुम्ही मोरीत हात धूत होता. मी बोलले आणि पाण्याचा आवाज थांबला.