अर्धी गोधडी आणि तीन क्लास

दि. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

फोन सोडून पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. आईची नजर गेली तसे तिचे कान दुप्पट तिखट झालेत. मी स्वयंपाकघरात कुजबुजले तरी ती पलंगावरून उत्तर देते, आणि हा घोळ तिच्या कानावर जायला नको.

घरात सगळ्यांना तिच्या हातची गोधडी मिळाली, तुझीच अर्धी राहिली. परवा ती आपणहून म्हणाली, की ती असेतोवर धाकट्याची गोधडी पुरी व्हायला हवी. मी शिवली तरी चालेल, पण तिचा हात कुठे थांबला नि माझा कुठे लागला ते बोटाला कळता कामा नये. मी हो म्हणून बसले. तीस वर्षं एक्स-रे काढणारी मी, शर्टाचं बटण शेजारणीकडून लावून घेणारी! टाका कसा घालायचा म्हणून विचारलं, तर म्हणते हात आपोआप जायचा.

तेव्हा ऑनलाइन क्लास शोधतेय आणि डोक्याचा पार भुगा झालाय. तीन ठिकाणी नमुन्याच्या तासाला बसले. पहिल्यात मशीन, पट्टी, गोल कटर. दीड तास नुसतं चौकोनांचं गणित. दुसऱ्यातली मुलगी आधी डोळे मिटून कापडाशी बोलायला लावते. मी बोलले. कापडाने काही दाद दिली नाही. तिसऱ्यात हाताचेच टाके आहेत, पण बाई अशा खेकसतात की साठीत मी शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसले. तुला कुरकुरणाऱ्या लिफ्टचा बिघाड नुसत्या आवाजावरून कळतो ना, मग सांग, कुठला घेऊ?

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी ताई

दि. १२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र घरात मोठ्याने वाचलं ही चूक झाली. ही म्हणते पहिला क्लास, लेक म्हणते दुसरा, जावयाने तर चौथाच शोधून काढला. दोन दिवस जेवताना दुसरा विषय नाही. आता मलाही काही सुधरत नाही.

आधी वाटलं तुला लिहावं, की जाऊ दे, बावन्न वर्षं गोधडीवाचून झोपलोच ना. पण खरं सांगू? मला ती हवी आहे. थोरल्या दादाची बघून दरवेळी मी कुढतो, हे आजवर कुणाला बोललो नाही.

तू खेकसणाऱ्या बाईंकडे जा. आमचे साहेब खेकसायचे म्हणूनच मी लिफ्टच्या खड्ड्यात पडलो नाही. आईला सांभाळ, स्वतःचीही आबाळ करू नकोस.

लहान म्हणून आहे तशीच माया ठेव.
तुझा धाकटा

दि. ९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं ऐकलं आणि फजिती झाली. ठिगळाची कड दुमडून टाके घालायला शिकवलं. बाईंनी कॅमेरा डोक्यावर टांगलेला. दिसतं तस्संच करायचं, इतकं सोपं. पण एक्स-रेच्या फिल्मवर जे उजवीकडे दिसतं ते पेशंटचं डावं, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं! मी तीन आठवडे प्रत्येक ओळ उलट्या टोकाकडून घातली. परवा तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला, तर बाईंनी कपाळाला हात लावला. सगळे टाके उलटे तिरपे, सगळं उसवा म्हणाल्या.

रडकुंडीला येऊन मी तो तुकडा आईच्या गोधडीवर आपटला आणि बघतच राहिले. दोन्ही टाके एकाच बाजूला कललेले. आई डावखुरी, हे मी विसरलेच होते! आता चूक कुणाची, बरोबर कोण, मला काही कळेना. मी उसवलं नाही. क्लासला बसते, मान डोलावते, आणि करते उलटंच.

जावयाला सांग, चौथा क्लास नको.
तुझी ताई

दि. २ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

गोधडी पुरी झाली. काल सकाळी आईच्या मांडीवर ठेवली. ती कडेकडेने बोटं फिरवत गेली.

मधे एका ठिकाणी ती थांबली. म्हणाली, हा बघ तुझा हात लागला, चार ओळी नुसत्या सैल, टाका इकडेतिकडे भरकटलाय. मी वाकून पाहिलं. दोरा तपकिरी होता, धाकट्या. तपकिरी दोरा तिचा, माझा काळा. त्या तिच्याच शेवटच्या ओळी, नजर जाता जाता घातलेल्या. माझं काम तिच्या बोटाखालून पुढे निघून गेलं होतं, तिला पत्ताही नव्हता.

मी म्हटलं, हो आई, माझ्याच आहेत. तर म्हणाली, इथेच बस, माझ्यासमोर उसव आणि नीट घाल. मी कात्री घेतली आणि तासभर तिच्याजवळ बसून हवेतच कचकच करत राहिले. मधूनमधून दोरा ओढल्यासारखं केलं. मग गोधडी पुन्हा पुढे केली. तिने त्याच चार ओळींवरून हात फिरवला आणि म्हणाली, आता कसं, अगदी माझ्यासारखं आलं.

मी बरोबर केलं की तिला फसवलं, मला खरंच काही समजत नाही. गोधडी उद्या पाठवते. त्या सैल ओळी आईच्या आहेत, त्या छातीकडे येतील अशी पांघर. आणि फोनवर तिला सांग, की ताईने छान शिवलीय.

तुझी,
ताई