नावाड्याचं आमंत्रण

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून भांडण बंद. कॉलेज सोडलं ते सरांशी भांडून, हे खरं. पण चूक सरांची होती आणि ते अजून तिथेच शिकवतात, यावरून कॉलेजची लायकी कळते.
रमजान लागायच्या आत सुकैनाच्या वडिलांशी लग्नाचं बोलायचं. सालेहीनकाका नावाडी, बोलणं मोजकं. छाप पाडावी लागेल. संधी चालून आलीय. सुकैनाची आत्या केना गावाहून देवळं बघायला आलीय आणि गाइड मी. परवाना नाही, पण जन्म लक्सरचा. अजून काय लागतं?

३ फेब्रुवारी
कर्नाक. आत्या प्रत्येक पुतळ्यापुढे थांबून हा कोण म्हणून विचारते. मी सगळ्यांना रामसेस राजा केलं. एकदा सुकैना हळूच म्हणाली, "शाझली, ही बाई आहे." मी म्हटलं, दगड झिजलाय. ती हसली. म्हणजे अर्धं काम झालं.
तळ्याकाठच्या दगडी भुंग्याला सात फेऱ्या घातल्या की लग्न जमतं. हे परदेशी लोकांसाठी काढलेलं खूळ आहे, मला माहीत आहे. तरी सुकैनाला बरोबर घेऊन सुरू केलं. तिसऱ्या फेरीला आत्याला चक्कर आली, दोघी सावलीत जाऊन बसल्या. काम अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही (कॉलेज सोडून). उरलेल्या फेऱ्या एका स्पॅनिश आजीबाईंबरोबर पुऱ्या केल्या.

४ फेब्रुवारी
दुपारी नाईलच्या पश्चिम काठाच्या धक्क्यावर उभा होतो. काकांची नाव भर नदीत, घरचे सगळे मासे खात बसलेले. काकांनी हात उंचावून हाक दिली, "ये शाझली, जेवायला ये."
आता, भर नदीतून काठावरच्या माणसाला कोणीही बोलावतं. तो येऊ शकत नाही म्हणूनच बोलावतं. पोकळ आग्रहाला अख्खा देश 'नावाड्याचं आमंत्रण' म्हणतो. मला हे कळत नाही असं नाही. पण आज काकांचा आवाज वेगळा होता.
उडी मारली. बुटांसकट.
वल्ह्याला धरून वर ओढलं मला. मासे संपले होते. काका माझ्याशी नाही, आत्याशी बोलत राहिले. सुकैनाने टॉवेल दिला. तोंडावर ओढणी धरली होती. काळजीने असणार.

५ फेब्रुवारी
ताप. खिडकीखालून जाणारा प्रत्येक जण ओरडतो, "ये शाझली, चहा घ्यायला ये." एकालाच मारलं. तापात होतो म्हणून एकालाच.
निश्चय: यापुढे तीनदा आणि शपथ घालून बोलावल्याशिवाय कोणाकडेही जायचं नाही. खुद्द गव्हर्नर असला तरी.

८ फेब्रुवारी
मेदिनत हाबूचं देऊळ. काकाही आले. आत्या आणि सुकैना भिंतीवरची लढाई बघत पुढे गेल्या. काका खांबाच्या सावलीत थांबले, घसा खाकरला. "शुक्रवारी संध्याकाळी वडलांना घेऊन घरी ये. बसून बोलू."
एकदाच म्हणाले. शपथ नाही. माझ्या डोळ्यांपुढे अख्खा धक्का हसायला लागला. छातीवर हात ठेवून म्हटलं, अल्ला तुमचं भलं करो काका, पुन्हा कधीतरी.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"
हे झाले दोन. मी तिसऱ्याची वाट बघत उभा राहिलो. ते आत्यासाठी पाणी आणायला गेले.
दोनच! बरं झालं, फसलो नाही. परत येताना सुकैनाने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. माझा स्वाभिमान बघून भारावली असणार.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
संध्याकाळी त्यांच्या घरातून बायकांच्या आनंदाच्या किलकाऱ्या. मला वाटलं, आत्याला निरोप देतायत. आई जाऊन आली, अंगावरची चादर न काढताच बसली. आत्याचा मुलगा बरकात केनाहून आला. फातिहा वाचला. सुकैनाचं त्याच्याशी लग्न ठरलं.
मी म्हटलं, मला कोणी विचारलंच नाही.
आई म्हणाली, "विचारलं नाही? पोरगी बापाशी भांडली, रुसली, जेवली नाही, तेव्हा कुठे त्याने तो एक शब्द तोंडातून काढला. आणि तू म्हणालास पुन्हा कधीतरी."
मी विचारलं, मग तिसऱ्यांदा का नाही म्हणाले?
आईने दिवा न लावताच चूल पेटवली.

१५ फेब्रुवारी
बरकातला देवळं बघायचीत. आत्याने सांगून पाठवलं, शाझलीच हवा, इतकं कोणी दाखवत नाही. नकार द्यायचा ठरवला होता. गेलो.
लक्सरच्या देवळात सुकैना आणि आत्याही होत्या. बरकातने फोन माझ्या हातात दिला. दोघांचा फोटो, मागे अख्खा खांब यायला हवा. भला माणूस आहे, भांडायला काही सापडत नाही. तो म्हणत होता, जरा मागे. अजून मागे. मी मागे मागे गेलो.
फोटोत माझा अंगठा आला. मुद्दाम नाही. बरकात म्हणाला, पुसून दुसरा काढू.
सुकैना म्हणाली, "राहू दे. आत्याला ऊन लागतंय."
पण आधी 'राहू दे' म्हणाली.