चौथ्या पानावरचं नाव

दुर्गापुरा, जयपूर
१४ मार्च १९६६

प्रिय मधुमती,

तुझा टाइप केलेला निबंध आणि सोबतची चिठ्ठी मिळून तीन आठवडे झाले. उत्तर दिलं नाही, कारण रागावले होते. टपालखात्याला दोष देऊ नकोस. निबंध चारदा वाचला. पहिल्या पानावर स्वल्पविरामांचा दुष्काळ आहे आणि दुसऱ्यावर अतिवृष्टी. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये आमच्या नन्सनी हे कागद तुझ्या हातात परत दिले असते, तेही दोन बोटांत धरून. पण दिल्लीच्या परिषदेत तो वाचला जाणार, छापला जाणार, आणि 'संगीताने उपचार' या विषयावर बोलायला लोक तुलाच बोलावणार. बोलावू देत.

तू पहिल्यांदा वॉर्डात आलीस ते मला लख्ख आठवतं. फौजी अफसराची मुलगी, दर छावणीत वेगळी शाळा, मराठी बोलताना प्रत्येक वाक्यामागे 'मतलब'. मी मनोरुग्णालयातल्या स्त्रियांच्या वॉर्डची मेट्रन. दर गुरुवारी दुपारी हार्मोनियम घेऊन मी रुग्णांमध्ये बसायची, तेव्हा त्याला कुणी उपचार म्हणत नव्हतं. डॉक्टर त्याला 'मेट्रनबाईंचं भजनी मंडळ' म्हणायचे. भाता कसा ओढायचा ते तुला मी शिकवलं. कोण कशाने शांत होतं, कोण कशाने उठून जातं, ते वहीत तारखेनिशी लिहायलाही मीच शिकवलं. मग तू वर्षभर विलायतेला गेलीस, मी निवृत्त झाले, आणि परत आलीस तेव्हा त्याच गुरुवारला इंग्रजी नाव होतं आणि ते तुझं होतं. मी पाहुणी म्हणून खुर्चीवर. चहासुद्धा मला आधी द्यायचे, म्हातारीला देतात तसा.

एवढंही सोसलं असतं. पण इंदुबाई माझी होती. दोन वर्षांचा मुलगा गेल्यावर तिची वाचा गेली आणि वर्षभराने, साठ साली, तिला आपल्याकडे आणलं. तिचा भाऊ रंगनाथ महिन्यातून एकदा भेटायला यायचा. मी त्याला गाव विचारलं, त्याने सातारा जिल्हा सांगितला, मी वहीत लिहिलं: मातृभाषा मराठी. अख्ख्या वॉर्डात मराठी बाई ती एकच. मला केवढा आनंद झाला होता! पाच वर्षं, मधुमती. ओव्या, भूपाळ्या, पाळणे, माझ्या आईकडून ऐकलेलं सगळं तिच्यासमोर बसून म्हटलं. ती भिंतीकडे बघायची. आणि भँवरी आया फरशी पुसताना गुणगुणायला लागली की मी तिला गप्प करायची, कारण उपचार चालू असताना वॉर्डात शिस्त हवी. त्या बेसूर गळ्याने माझी ओवी बिघडते, असं मी तिला तोंडावर सांगितलंय.

तू विलायतेहून आलीस आणि रंगनाथला एकच प्रश्न विचारलास: दहा वर्षांची असताना ताई काय गायची? तो हसला म्हणे. साताऱ्याला ती लग्नाआधी कधी गेलीच नव्हती. वडील रेल्वेत, इथेच जयपुरात खातीपुऱ्याला लाइनीजवळ घर, आणि होळी झाली की सोळा दिवस शेजारच्या मुलींबरोबर दूर्वा आणि पाण्याचे लोटे घेऊन इथल्या गणगौरीच्या सणाची गाणी. जे मी पाच वर्षांत विचारलं नाही ते तू पाच मिनिटांत विचारलंस. मग गेल्या मार्चमध्ये तू भँवरीला फडकं खाली ठेवायला लावलंस आणि इंदुबाईच्या शेजारी बसवलंस.

त्या गाण्यांमध्ये प्रत्येक बाई आपल्या भावाचं नाव घालते. भँवरीने तिच्या भावाचं घातलं. तिसऱ्यांदा घातलं तेव्हा इंदुबाईची मान भिंतीकडून वळली. सहा वर्षांनी तिने तोंड उघडलं ते चूक काढायला. "यूँ कोनी," असं नाही, ती इथल्या बोलीत म्हणाली. "रंगनाथ."

तू रडलीस. भँवरी रडली. मीही रुमाल काढला आणि तुम्हाला वाटलं, मेट्रनबाईसुद्धा विरघळल्या. मी विरघळले नव्हते. तो आवाज माझ्या पाच वर्षांना मिळायला हवा होता, आणि तो मिळाला कुणाला, तर जिला मी गप्प करत होते तिला. तुझा हेवा वाटला हे तर झालंच. भँवरीचा वाटला, हे लिहायला मला वर्ष लागलं.

आता तुझं चौथं पान. तिथे तू लिहिलं आहेस की इंदुबाईचा पहिला प्रतिसाद फेब्रुवारी एकसष्टमध्येच मिळाला होता, मराठी ओवीला, आणि त्याची नोंद श्रीमती चारुलता यांच्या, माझ्याच, वहीत आहे. म्हणजे दार मातृभाषेने उघडलं, गणगौर नंतर आली. तुझ्या चिठ्ठीत पुढचंही आहे: मोठ्या डॉक्टरांना हे पटलं, पुढच्या महिन्यापासून मातृभाषेप्रमाणे गट पडणार, इंदुबाईसमोर पुन्हा ओव्या. काल भँवरी माझ्याकडे आली होती. गुरुवारी तिला बाहेर थांबायला सांगितलंय. तक्रार करायला नव्हती आली. गणगौरीचे दिवस आहेत, इंदुबाई वाट बघेल, मी येणार नाही हे आपण तिला सांगाल का, एवढंच विचारायला आली होती. मी तिला खुर्ची दिली. आजवर कधी दिली नव्हती.

मधुमती, ती नोंद खोटी आहे. गेल्या मार्चमध्ये तुमचा आनंद बघून घरी आले, एकसष्टच्या वहीत अर्धं पान कोरं सापडलं आणि लिहिलं: 'इंदुबाई आज ओवीची दुसरी ओळ गुणगुणली.' बाकी पान इस्पितळाच्या काळ्या शाईत आहे, ती ओळ माझ्या घरच्या निळ्या. निबंधासाठी वही नेलीस तेव्हा माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीला हे दिसायला हवं होतं. पण तू माझ्यावर विश्वास ठेवलास, आणि तीन आठवडे मला राग आला तो त्याचाच. वही सोबत पुन्हा पाठवते आहे, शाई तपासून घे. डॉक्टरांना हेच पत्र दाखव, नाव झाकू नकोस. छापण्याआधी माझं नाव खोड आणि त्या ओळीत भँवरीचं घाल. मग वाचून बघ, चाल जमते का.

माझं सांत्वन करायला येऊ नकोस, हेवा अजून गेलेला नाही. येत्या गुरुवारी फक्त भँवरीला दार उघडं ठेव.

तरीही तुझीच,
चारुताई